माश्यांच्या खोलीतल्या तुळजाअक्का

तुळजाअक्का रोज सकाळी आमच्या फाटकाशी रिक्षातून उतरायच्या, केसांतला मोगऱ्याचा गजरा काढायच्या आणि आतल्या पेरूच्या फांदीला अडकवून ठेवायच्या. संध्याकाळी जाताना तोच गजरा, उन्हानं पिवळा पडलेला, पुन्हा केसांत जायचा. मी नवीन असताना एकदा न राहवून म्हणालो, "अक्का, घरून घालून येऊच नका की. रोजची कटकट." त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"घरातनं निघायचं ते फूल घालून. माश्यांकडं जायचं ते फूल काढून. ह्यात कटकट कसली?"

फुलांतून बारीकसारीक किडे आत येतात हे मलाही माहीत होतं. पण माझ्या डोक्यावर फूल सोडा, केसही बेताचेच, त्यामुळे मला बोलायला काही जात नव्हतं.

आमची प्रयोगशाळा बेंगळुरूत, पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत होती. डावीकडे लेथ, उजवीकडे रंगकाम आणि मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही किडे वाढवायचो. टेम्पो भरून लाल भोपळे आत जाताना बघून लेथवाल्यांना बरेच दिवस वाटत होतं, की इथे लग्नाचा स्वयंपाक होतो. भोपळे होते पिठ्या ढेकणांसाठी. तुती, पपई, जास्वंद, दिसेल त्या झाडाचा रस पिणारी ही कीड. अंगावर पीठ सांडल्यासारखी पांढरी. आम्ही ती भोपळ्यांवर मुद्दाम वाढवायचो आणि तिच्यावर तिचे शत्रू पोसायचो. ते शत्रू डब्यांत भरून शेतकऱ्यांना विकायचे, हा आमचा धंदा.

शत्रू दोन. एक माझा, तांबूस डोक्याचा काळा भुंगेरा. तो आणि त्याची अळी, दोघंही पिठ्या दिसला की सरळ खातात. दुसरा अक्कांचा. आम्ही त्याला माशी म्हणायचो, खरं तर ती गांधीलमाशीच्या खानदानातली, पण इतकी बारीक की नवीन माणसाला दाखवायची तर आधी त्याचा चष्मा पुसून घ्यावा लागे. ही माशी जिवंत पिठ्याच्या पोटात अंडं घालते. आतली अळी त्याला आतून खात जाते, पिठ्या फुगून कडक आणि तपकिरी होतो, आणि एक दिवस त्याला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर येते. त्या कडक झालेल्या पिठ्याला आम्ही ममी म्हणायचो. अक्का त्याला बाळंतिणीची खोली म्हणायच्या.

गोची अशी, की माझा भुंगेरा खाताना विचारत नाही. पिठ्याच्या पोटात अक्कांच्या माशीचं पोर वाढत असलं तरी तो त्याला पोरासकट खातो. ममी कडक झाली की मग मात्र सहसा तोंड लावत नाही. म्हणजे आमचे दोघांचे किडे एकाच किडीचे वैरी, आणि तरी माझ्या किड्यांपासून अक्कांच्या किड्यांना जपावं लागायचं. उलटही होतंच. अक्कांची माशी माझ्या खोलीत शिरली, की भुंगेऱ्यांसाठी वाढवलेले पिठ्या तिच्या पोरांनी पोखरलेच म्हणून समजा.

म्हणून अक्कांचा एक नियम होता. ज्यानं भुंगेऱ्यांना हात लावलाय, त्यानं त्या दिवशी माश्यांच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही. मालक असो नाहीतर मंत्री. मला काही विचारायचं असलं की मी दाराबाहेरून ओरडायचो आणि अक्का आतून ओरडायच्या. लेथच्या आवाजात आमची शास्त्रीय चर्चा अशी चालायची की ऐकणाऱ्याला वाटावं, भावकीत वाटण्या चालल्यात.

एवढा नियम असून एकदा माझा एक भुंगेरा त्यांच्या खोलीत सापडला. त्या दिवशी अक्का ओरडल्या नाहीत. काचेची नळी घेऊन त्या माझ्या दाराशी आल्या.

"तुमचा पाहुणा आला होता आमच्याकडं," त्या म्हणाल्या. एरवी त्या मला 'अरे निपाणी' अशी हाक मारायच्या, कारण मी निपाणीचा. 'तुम्ही' आलं की समजावं, आता खैर नाही. "जेवून आलाय. पोटभर."

"एकच तर आहे, अक्का."

"एक दिसला. न दिसलेले किती, ते तुम्ही सांगता?"

मग त्यांनी खोलीतला एकेक भोपळा भिंगाखाली घेतला. त्या दिवशी जेवणाचा डबाही तसाच परत नेला. जे भोपळे शंकेचे वाटले ते त्यांनी वाफेच्या मोठ्या भांड्यात घातले. त्यांतले निम्मे मला अगदी चांगले दिसत होते. "शंका आली की वाफ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा इतका कोरा असायचा की मला त्यांचा रागच यायचा.

त्यांचं घराणं मराठी फौजांबरोबर बेंगळुरूला आलेलं, शेकडो वर्षांपूर्वी. जयनगरात घर. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्ही एकमेकांत इतकी मुरलेली की कुठली संपते आणि कुठली सुरू होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. माझ्या मराठीवर त्यांचा विश्वास नव्हता. "आमचे लोक घोड्यावरनं आले, तू लाल बसनं आलास. तू मला भाषा शिकवू नकोस," असं त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या. कीटकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली ही बाई रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडताना मात्र अशी कन्नड काढायची, की रिक्षावाला स्वतःच मीटर टाकायचा.

त्यांचा खरा अवतार मी पाहिला तो धुराच्या गाडीच्या दिवशी. शहरात डेंग्यूची साथ होती आणि डास मारायला धूर सोडत फिरणारी गाडी दिवेलागणीच्या आधी आमच्या रस्त्यावर शिरली. लांबून तिचा फटफट आवाज आला आणि अक्का खोलीतून बाहेर पडल्या त्या थेट रस्त्यावर. मी फाटकात पोचलो तोवर त्या गाडीच्या पुढ्यात हात पसरून उभ्या होत्या. पिकलेले केस, पांढरा डगला, पायांत रबरी चपला.

"अण्णा, स्वल्प थांबा."

"अक्का, बाजूला व्हा. वरून हुकूम आहे, डास मारायचे."

"मारा की. डास काय माझे सोयरे आहेत? पण आमच्या घरात जी आहेत ती डासांच्या आधी मरतात."

"आत कोण आहे?" त्यानं घाबरून विचारलं.

"लेकरं," अक्का म्हणाल्या आणि मान मागे वळवून माझ्यावर ओरडल्या, "बघत काय उभा राहिलास? चादरी भिजव!"

आम्ही सगळे धावलो. दारं, खिडक्या, पत्र्याच्या फटी, जिथे म्हणून हवा शिरेल तिथे ओल्या चादरी कोंबल्या, पंखे बंद केले. तेवढा वेळ अक्का गाडीच्या तोंडासमोर उभ्या. मागे टेम्पोंची रांग लागली, कुणी शिव्या घालत होतं, कुणी मोबाइलवर चित्रण करत होतं. मी "झालं" म्हणून ओरडल्यावर त्या बाजूला झाल्या. "सरी, बरं, आता जावा," असं ड्रायव्हरला म्हणाल्या, जणू तोच इतका वेळ त्यांची वाट अडवून उभा होता.

धूर निघून गेला तरी वास राहिला. अक्का त्यांच्या खोलीत माश्यांच्या जाळीच्या पेटीशी बसल्या होत्या, भिंग डोळ्याला लावून. मी नियमाप्रमाणे दाराबाहेर. बंद खोलीत उकाड्यानं जीव नकोसा झाला असणार, पण दार उघडू का, असं विचारायची माझी छाती झाली नाही. कितीतरी वेळानं आतून आवाज आला, "हलली." मग थोड्या वेळानं, "दुसरी पण." आणि मग मला भिंतीला डोकं टेकवल्याचा लहानसा आवाज ऐकू आला. या बाईचं त्या न दिसणाऱ्या किड्यांवर प्रेम आहे, हे मला तेव्हा कळलं.

आमचा मालक वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला एक गोष्ट सलत होती आणि ती त्यानं बैठकीत बोलून दाखवली. "अक्का, आपकी मक्खी एक बार बिकती है. बस." खरं होतं ते. भुंगेरे शेतातले पिठ्या फस्त करतात, खायला उरलं नाही की उडून जातात नाहीतर मरतात. पुढच्या उन्हाळ्यात पिठ्या परत येतात आणि शेतकरी परत आमच्याकडे येतो. माशीचं तसं नाही. शेतात चार पिठ्या उरले तरी ती ते शोधून काढते, तिथेच राहते, पिढ्या वाढवते. गिऱ्हाईक परत येत नाही. मालकानं त्यावर तोड काढली होती, एकाच डब्यात भुंगेरे आणि माश्या. नाव ठरलं होतं, डब्याचं चित्रही तयार होतं.

"एका ताटात दोघांना वाढू नका," अक्का म्हणाल्या. "एकच जेवेल. दुसऱ्यासकट जेवेल."

"शेतकऱ्याला डबल पाहिजे असतं, अक्का."

"मग आधी माश्या सोडा. ममी कडक होऊ द्यात. मग भुंगेरे सोडा. आधी बाळंतीण, मग पंगत."

"इतकं कोण थांबतं?"

वाद वाढला. शेवटी मालकानं निकाल दिला. कनकपुरा रस्त्यावर आमच्या ओळखीच्या गौरम्मा नावाच्या बाईंची तुती होती आणि ती पिठ्यांनी पांढरी पडली होती. तिच्या रस्त्याकडच्या अर्ध्यात जोड-डबा सोडायचा आणि विहिरीकडच्या अर्ध्यात अक्कांच्या म्हणण्याप्रमाणे करायचं. अक्कांचं अर्धं शेत पाला तोडायच्या वेळेपर्यंत स्वच्छ झालं, तर माश्यांची खोली राहील. नाही झालं तर खोली बंद, तिथेही भुंगेरेच वाढवायचे. म्हणजे ती खोली मला मिळणार होती. मी कुणाच्या बाजूचा, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पाणी प्यायला निघून गेलो असतो.

अक्कांनी खोली जवळजवळ रिकामी केली. जेवढ्या माश्या होत्या तेवढ्या घेतल्या. बनशंकरी ओलांडून टेम्पो शहराबाहेर पडला तेव्हा त्या ड्रायव्हरशेजारी डबे मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचा गजरा टेम्पोच्या आरशाला लटकत होता.

गौरम्मा म्हणजे मोठ्या आवाजाची बाई. तुतीच्या पाल्यावर रेशमाच्या अळ्या वाढवायच्या, हा तिचा व्यवसाय. त्यामुळे तिला औषध फवारता येत नव्हतं. फवारलेला पाला खाल्ला की अळ्या मरतात. आणि पिठ्यांनी चिकट, काळा केलेला पालाही त्यांना घालता येत नव्हता. पहिल्या दिवशी मी रस्त्याकडच्या अर्ध्यात भुंगेऱ्यांच्या अळ्या सोडायला लागलो तर तिनं माझा हात धरला. या अळ्या दिसायला अगदी पिठ्यासारख्या, तशाच पांढऱ्या झिपऱ्यांच्या.

"माझ्या तुतीवर पिठ्या कमी पडले म्हणून तू अजून घेऊन आलास?" आणि मी काही बोलायच्या आत तिनं दोन चिरडल्या. अक्का इतक्या हसल्या की त्यांना बांधावर बसावं लागलं. त्या सगळ्या प्रकरणात त्या तेवढंच हसल्या.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. रस्त्याकडचं अर्धं उजळलं होतं. भुंगेऱ्यांच्या अळ्या पानोपानी भिडल्या होत्या, पांढरे पुंजके विरळ झाले होते, खालून नवा हिरवा पाला दिसत होता. विहिरीकडचं अर्धं मात्र जसंच्या तसं पांढरं. अक्का वाकून एकेक पान उलटं करत राहिल्या. मी मागे उभा. त्यांची मान लाल झाली होती, पदर पानांच्या चिकटानं माखला होता.

"लागलंय," त्या म्हणाल्या. "बघ, हे फुगायला लागलेत. हे चार कडक पण झालेत. बाकीच्यांना अजून वेळ आहे."

"किती वेळ?" गौरम्मानं पलीकडून विचारलं.

"स्वल्प."

"तुझं स्वल्प माझ्याबरोबर आत येऊन सांग."

ती अक्कांना अळ्यांच्या घराकडे घेऊन गेली. दाराशी चुन्याची भुकटी पसरलेली होती. तिच्यावर पाय दिल्याशिवाय आत जायचं नाही, हात धुतल्याशिवाय तर नाहीच. मी धुतले तेवढे गौरम्माला पुरले नाहीत, तिनं पुन्हा धुवायला लावले. अक्का चुन्यावर पाय ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या दाराकडे, त्या बाईकडे असं बघितलं जसं परगावी कुणी आपल्या गल्लीतलं माणूस बघावं. "तुमच्यात पण उंबऱ्याचा नियम आहे की," त्या म्हणाल्या.

आत ताटांमध्ये अळ्या होत्या. अजून लहान, बारीक चिरलेल्या कोवळ्या पाल्यावर. गौरम्मानं आवाज चढवला नाही, म्हणूनच ते ऐकवेना.

"ह्या आता लहान आहेत, अक्का. मूठभर पाला पुरतो. शेवटच्या वयात गेल्या की दिवसरात्र खातात. तेव्हा मला सगळं शेत लागतं, अर्धं नाही. पाला कमी पडला की ह्या मान वर काढून अशा हलवत बसतात. मी ते एकदा बघितलंय. पुन्हा नाही बघायचं."

अक्का ताटाकडे बघत होत्या. बाहेर आल्या आणि विहिरीच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो. थांबलं तर ममी कडक होणार होत्या, माश्या बाहेर पडणार होत्या, त्यांचं म्हणणं उशिरा का होईना खरं ठरणार होतं आणि मालकानं मुदत वाढवली तर खोलीही वाचणार होती. पण तेवढ्यानं या उन्हाळ्याचा पाला सुटला नसता. आणि आत्ता भुंगेरे सोडले तर पाला सुटणार होता, फक्त त्या फुगत चाललेल्या पिठ्यांच्या पोटातल्या अक्कांच्या माश्या भुंगेऱ्यांच्या पोटात जाणार होत्या.

"निपाणी," त्या म्हणाल्या. "डबे काढ."

"अक्का, थोडं थांबून बघू. मालकाला मी सांगतो."

"थांबलो तर माझ्या वाचतील. तिच्या मरतील."

"पण खोली जाईल हो."

"जाईल," त्या म्हणाल्या. "तू डबे काढ."

पुढं सोडायला म्हणून आणलेले भुंगेऱ्यांचे डबे मी टेम्पोतून काढले. मी एकटाच सोडणार, असं मला वाटलं होतं. अक्कांनी माझ्या हातातला एक डबा घेतला, झाकण उघडलं आणि विहिरीकडच्या पहिल्या झाडापासून सुरुवात केली. इतक्या वर्षांत त्यांनी भुंगेऱ्याला कधी हात लावलेला मी पाहिला नव्हता. ओळ संपल्यावर त्यांनी माझ्याकडून दुसरा डबा मागून घेतला. गौरम्मा बांधावर उभी राहून बघत होती. तिला त्यातलं किती समजलं मला ठाऊक नाही, पण आम्ही परत निघताना तिनं अक्कांच्या हातावर मोगऱ्याची ओंजळ ठेवली.

पीण्याला पोचलो. अक्का सवयीनं माश्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यापाशी थांबल्या. डगल्याच्या खिशातून हात बाहेर काढून त्यांनी ते पाहिले. मग दाराला हात न लावता त्या मागे वळल्या. तो त्यांचा नियम होता आणि त्या दिवशी त्यांनी भुंगेऱ्यांना हात लावला होता.

गौरम्माच्या अळ्यांना पाला पुरला, कोष चांगले झाले. मालकानं शेत पाहिलं, दोन्ही अर्धी स्वच्छ. विहिरीकडं काय घडलं ते मी त्याला सांगायला लागलो तेव्हा अक्कांनीच मला थांबवलं. "ममी कडक व्हायच्या आधीच भुंगेरे सोडले. त्यांनीच केलं," त्या म्हणाल्या. "जे केलं ते केलं म्हणावं." मालकाला त्यांचं वाईट वाटलं असावं, कारण तो बराच वेळ त्यांच्या तब्येतीची चौकशी करत बसला. खोली मात्र बंद झाली.

खोलीत अजून थोडे भोपळे उरले होते, अक्कांच्या शेवटच्या माश्या त्यांच्यावर होत्या. ते आपण कुठल्यातरी शेतात नेऊन ठेवू, असं मी म्हटलं होतं आणि त्यांनी मान हलवली होती. पण नव्या मांडणीची मापं घ्यायला आलेल्या कामगारांनी आतलं आणि बाहेरचं अशी दोन्ही दारं एकदम उघडी टाकली आणि जेवायला गेले. अक्का आल्या तेव्हा वारा आरपार वाहत होता. माझ्या भुंगेऱ्यांची त्यांना तेवढी भीती नव्हती. त्यांना भीती होती माशीवरच्या माशीची. बाहेर अशी एक जात असते जी पिठ्याला सोडून त्याच्या पोटातल्या माशीवरच आपलं अंडं घालते. ममी बाहेरून तशीच दिसते, बाहेर पडतं मात्र भलतंच. असली ममी शेतात नेली तर आपण आपल्या माशीचा काळ आपल्या हातानं तिथे पोचवतो.

"आली असेलच असं नाही, अक्का," मी दाराबाहेरून म्हणालो. मला त्या भोपळ्यांसाठी भांडावंसं वाटत होतं आणि माझ्याकडे भांडायला मुद्दा नव्हता.

"शंका आली की वाफ," अक्का म्हणाल्या. या वेळी त्यांचा चेहरा कोरा नव्हता. भोपळे त्यांनी स्वतः उचलून नेले, भांड्याचं झाकण स्वतः घट्ट केलं. संध्याकाळी पेरूच्या फांदीवरचा गजरा घेतला, फाटकाच्या रखवालदाराला "बरतेनी अण्णा" म्हणाल्या आणि गेल्या. 'येते' म्हणून जाणारी ती बाई परत आली नाही.

त्यांची खोली मला मिळाली. तिच्यात भुंगेरे फार चांगले वाढले आणि मला त्याचा कधी आनंद झाला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी भुंगेऱ्यांचा डबा घेऊन गौरम्माकडे गेलो. पिठ्या परतायची वेळ झाली होती, ऑर्डर मिळणार हे गृहीतच होतं.

"बेडा, नको," ती म्हणाली. "पिठ्या नाहीत."

"नाहीत कसे? आसपास सगळीकडे आलेत."

"मग आसपास वीक. माझ्याकडं नाहीत."

मी तुतीत शिरलो. पाला हिरवागार. पानं उलटी करत गेलो, तेव्हा कुठे एखाददुसरा पिठ्या सापडला. आणि मग विहिरीकडच्या एका फांदीच्या बेचक्यात मला त्या दिसल्या. ममी. तपकिरी, कडक. काहींना गोल भोक पडलेलं, काही अजून बंद. मी रस्त्याकडच्या अर्ध्यात पळत गेलो. तिथेही. भुंगेरे सोडले त्या दिवशी ज्या मोजक्या ममी कडक झालेल्या होत्या त्या वाचल्या होत्या. भुंगेरे जेवून निघून गेले आणि त्यांतल्या माश्या मागे राहिल्या, चार उरलेले पिठ्या शोधत, पिढ्या वाढवत. मला इतका आनंद झाला की मी गौरम्माला हाका मारत सुटलो. ती आली, तिनं पाहिलं, आणि "एवढंच?" असं म्हणून परत गेली.

मी ती फांदी मोडून काचेच्या नळीत घातली, तोंडाला कापूस लावला आणि तडक जयनगर गाठलं.

अक्का फाटकाशीच होत्या, भाजीवाल्याशी बोलत. खूप वाळल्या होत्या. गजरा मात्र ताजा होता.

"अय्यो, निपाणी! ये की आत."

"नको अक्का. आज भुंगेऱ्यांना हात लावलाय." खांद्याच्या पिशवीत न खपलेला डबा होता. मी नळी वर धरून दाखवली.

 केसांतला गजरा काढून त्यांनी फाटकाच्या कडीला अडकवला. आत जाऊन हात धुऊन आल्या, भिंग घेऊन आल्या, आणि फाटकाच्या गजांमधून हात पुढे केला. मी नळी त्यांच्या हातावर ठेवली. भाजीवाला कोथिंबिरीची जुडी धरून आमच्याकडे बघत उभा राहिला.

त्यांनी बराच वेळ भिंग डोळ्याला लावून पाहिलं. मग दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं.

"कुठल्या अर्ध्यातल्या?"

"दोन्ही."

"माशीवरची माशी?"

"भोकं बघा. गोल आहेत, तुमचीच आहेत."

"दोन्ही," त्या पुटपुटल्या. "मला वाटलं होतं, तेवढ्या पुरणार नाहीत." आणि भर रस्त्यात, भाजीवाल्यासमोर, तुळजाअक्का रडायला लागल्या. पदर तोंडाला न लावता, नळी दोन्ही हातांत धरून. मला फाटक उघडून आत जावंसं वाटत होतं आणि मी जागचा हललो नाही. त्यांनीच स्वतःला सावरलं, माझ्या पिशवीकडे बोट केलं आणि त्यांचा नेहमीचा आवाज काढला.

"साकु, पुरे. आता जा तू. तो डबा घेऊन इथं उभा राहू नकोस."

कोपऱ्यावरून मी वळून पाहिलं. शेजारच्यांची जास्वंद त्यांच्या भिंतीवरून झुकली होती, शेंडे पिठ्यांनी पांढरे पडलेले. अक्का टाचा उंचावून नळीतली फांदी त्या जास्वंदीला दोऱ्यानं बांधत होत्या, आणि गजरा मागे फाटकाच्या कडीवर तसाच होता.

त्यानंतर अक्का मला दिसल्या नाहीत. पावसाळा संपता संपता त्या गेल्याचं कळलं. जयनगरात माझी आजही कामं निघतात. भुंगेऱ्यांचा डबा बरोबर असला, की मी त्या गल्लीत शिरत नाही, पुढच्या गल्लीनं वळसा घेऊन जातो.